धड कपड्याला गाठ

कागद हातात पडला आणि भिंगबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

तसं कागदात काही शिवी नव्हती. वर इस्पितळाचं नाव, खाली तिचा कर्मचारी क्रमांक, आणि मधे सभ्य भाषेत लिहिलं होतं की यंदा कामगिरीचं मूल्यमापन नव्या पद्धतीनं होणार असून, तिच्याविषयी अभिप्राय द्यायला पुढील पाच जणांची निवड झाली आहे. पहिलं नाव हाडांच्या डॉक्टरांचं. दुसरं ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टरचं. तिसरा स्टोअरकीपर, चौथा ढकलगाड्यांचा मुकादम. इथपर्यंत तिनं नुसतं नाक मुरडलं. पाचवं नाव वाचलं आणि ती उठून उभीच राहिली.

"ही?" ती म्हणाली. "माझं काम कसंय ते ही सांगणार? माझी जाऊ?"

खोलीत ऐकायला वाफेची दोन यंत्रं तेवढी होती. ती आपली फुसफुसत राहिली.

भिंगबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असायचं आणि महिनाभर तिथंच पडून राहायचं. भिंगबाई हे नाव तिला कामानं दिलं होतं. तिची खोली इस्पितळाच्या तळघरात. वर ऑपरेशनला लागणारे चिमटे, कात्र्या, सुऱ्या धुऊन तिच्याकडे यायच्या, ट्रेमध्ये मांडल्या जायच्या, दुहेरी कपड्यात गुंडाळून वाफेच्या यंत्रात जायच्या आणि निर्जंतुक होऊन पुन्हा वर जायच्या. आता कपड्याला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी सगळं मुसळ केरात. त्या भोकातून जंतू आत शिरणार आणि वर टेबलावर डोळे मिटून पडलेल्या माणसाच्या पोटात जाणार. म्हणून भिंगबाईच्या टेबलाला काच होती आणि काचेखाली दिवा. प्रत्येक कपडा त्या काचेवर पसरायचा, एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत बोट फिरवत बघायचा, आणि भोक दिसलं की कपड्याच्या कोपऱ्याला गाठ मारून भिंतीतल्या खिडकीतून पलीकडे धुलाईखात्यात टाकायचा. गाठ म्हणजे परत. ठिगळ लावा, नाहीतर फरशी पुसायला घ्या. तोंडानं एक शब्द बोलायचं काम नाही. बावीस वर्षं ती डोळ्यांत तेल घालून हे करत होती, आणि एवढ्या वर्षांत तिच्या हातच्या ट्रेमुळे कुणाची जखम चिघळल्याचं कुणी म्हणालं नव्हतं.

आणि त्या खिडकीपलीकडे बसायची कोण? तिची धाकटी जाऊ. सहा वर्षं ती धुलाईखातं सांभाळत होती, आणि त्यातली शेवटची चार वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं. खिडकीतून एकमेकींचे हात तेवढे दिसायचे.

भांडण झालं होतं तेही कशावरून, तर ओलीवरून! धाकटीनं नवऱ्याच्या बरोबरीनं राबून, पोटाला चिमटा घेऊन दोन खोल्यांचं घर बांधलं. सगळ्यांना बोलावलं. वीसेक माणसं नव्या घरात कौतुक करत फिरत होती. भिंगबाई उंबरठ्यातून आत आली, मान वर केली आणि म्हणाली, "त्या कोपऱ्यात ओल धरलीय गं." झालं! धाकटीचा चेहरा पडला. तीही काही मुकी नव्हे. सगळ्यांसमोर ताडकन म्हणाली, "ताईंना एवढं घर दिसलं नाही, ओल दिसली. माणसातसुद्धा यांना भोकंच दिसतात." वीस माणसांतली निम्मी हसली. भिंगबाईनं हातातली भेट दारातच ठेवली आणि मागं फिरली. पुढच्याच वर्षी तो कोपरा फोडून पुन्हा बांधावा लागला, म्हणजे ओल होती ती होतीच. पण खरं ठरल्यानं कुणाशी बोलणं सुरू होत नसतं.

तर तो कागद घेऊन भिंगबाई तिसऱ्या मजल्यावर मूल्यमापनाच्या कचेरीत गेली. लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद होती. गुडघे कुरकुरत होते, त्यामुळं रागात आणखी भर पडली. कचेरीत एक तरुण अधिकारी बसला होता. इस्त्रीचा शर्ट, टेबलावर एक रोपटं आणि समोर संगणक.

"बसा ना मावशी," तो म्हणाला.

"मी तुमची मावशी नाही. ही पाच नावं कुणी काढली?"

"कुणी म्हणजे... संगणकानं. आपल्याकडे तसं पक्षपाताला वावच नाही बाई." ते बोलताना त्याला फार बरं वाटलं असावं. "वर्षभरात तुमच्या नावाबरोबर ज्यांच्या नावाच्या सर्वांत जास्त नोंदी झाल्या, ते पाच. म्हणजे ज्यांचा तुमच्याशी सर्वांत जास्त संबंध आला, ते."

"कसल्या नोंदी?"

"उशीर झाला, ट्रे परत आला, कपडा परत गेला, तक्रार, खुलासा, अशा सगळ्या."

"अहो, म्हणजे भांडणाच्या!" ती म्हणाली. "हाडांच्या डॉक्टरांचे तीन ट्रे मी अडवले. वाफ पुरती लागली की यंत्रातली पट्टी काळी पडते, ती पडली नव्हती, ट्रे कच्चे होते, म्हणून अडवले. त्यांनी त्याच्या एकोणीस तक्रारी केल्या. त्यांची नोंद आहे. आणि डोळ्यांचे डॉक्टर? रोज आठ ट्रे घेऊन जातात, वर्षात एकदा कुरकुर नाही. त्यांचं नाव कुठंय?"

त्यानं बोटं चालवली. "त्यांच्याबरोबर तुमची एकही नोंद नाही."

"नसणारच! काम चोख झालं तर माणूस नोंद कशाला करेल? लिहील का, की आजही कात्री स्वच्छ होती म्हणून?"

"पण मग संगणकाला कळणार कसं बाई, की त्यांचा तुमचा संबंध आहे?"

आता यावर काय बोलावं! चोराला पकडणाऱ्याची चौकशी करायची, आणि पंच कोण, तर ज्यांना पकडलं तेच. भिंगबाईनं कागदावरच्या पाचव्या नावावर बोट आपटलं. "आणि ही?"

"यांच्याबरोबर सर्वांत जास्त आहेत. एक हजार एकशे चाळीस."

तेवढे कपडे तिनं वर्षभरात गाठ मारून परत पाठवले होते. प्रत्येकाची नोंद करायचा नियम होता आणि ती नियमाची पक्की. बाकी कुणी असतं तर निम्म्या नोंदी गिळल्या असत्या आणि आज सुखात असतं.

अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्यानं समजावून सांगितलं. प्रत्येक जण पाचपैकी गुण देणार, त्यांची सरासरी निघणार. तीन किंवा वर आली तर बाई आपल्या टेबलावर. तीनच्या खाली आली तर पहिल्या तारखेपासून ढकलगाड्यांवर.

"ढकलगाड्या," भिंगबाई म्हणाली. एका गाडीत चादरींचं ओझं, आणि ती रॅम्पवरून ढकलत तळघरापासून चौथ्या मजल्यापर्यंत, दिवसातून वीस वेळा. पण गुडघ्यांचं सोडा. ते टेबल, ती काच, तो दिवा. तिथून उठवलं तर ती कोण होती? एक नाव, पगाराच्या चिठ्ठीवरचं.

"एक मुभा आहे," अधिकारी म्हणाला. "पाचांतलं एक नाव तुम्ही काटू शकता. एकच. पण कारण लिहावं लागतं. परवापर्यंत विचार करून सांगा."

घरी जेवताना तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शांत माणूस. बायको तापली की तो पाणी पितो. दोन पेले पाणी पिऊन तो म्हणाला, "डॉक्टरांचं नाव काट."

"अहो, काही झालं तरी शिकलेला माणूस आहे. रागावतील, पण खोटं लिहिणार नाहीत. मी काटणार हिचं."

"धाकटीचं?"

"मग कुणाचं? चार वर्षं दात धरून बसलीय. ही संधी ती सोडेल? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते उगाच नाही."

"अगं, तोंड बंद आहे तिचं, पण मन तसं नाही. तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा..."

"ते नाव काढू नका," भिंगबाई म्हणाली, आणि तो थांबला.

कारण दोन वर्षांपूर्वी त्या ऑपरेशनचा ट्रे भिंगबाईनंच बांधला होता. यादीत धाकटीचं नाव वाचलं आणि त्या ट्रेचे दोन्ही कपडे तिनं काचेवर तीन तीनदा फिरवले. मग ट्रे वर पाठवला आणि धाकटीला बघायला मात्र गेली नाही. नवऱ्याला पाठवलं. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. काम होतं ते केलं, त्यात सांगायचं काय, असं तिचं म्हणणं.

"बघ बाई," नवरा ताटावरून उठता उठता म्हणाला, "एकदा विचारून तरी बघ तिला."

"मी? मी तिच्यापुढं तोंड उघडू? जीभ झडली तरी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा तिसरा मजला चढली आणि नाव काटलं. कारणाच्या चौकटीत तिनं ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'नात्यातली आहे. सूड उगवील.' अधिकाऱ्यानं वाचलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानं ते जसंच्या तसं संगणकात टाकलं.

तिसऱ्या दिवशी खिडकीतून कपड्यांचा गठ्ठा आला. भिंगबाईनं गठ्ठा ओढला आणि थबकली. सर्वांत वरच्या कपड्याच्या कोपऱ्याला गाठ होती.

हे उलटंच झालं. गाठ इकडून तिकडं जायची. तिकडून इकडं गाठ कधी आली नव्हती. नजरचुकीनं सुटायची राहिली असेल म्हणावं तर गाठ ताजी होती आणि अशी करकचून मारलेली, की नखानं सुटेना. ती तशीच ठेवून तिनं कपडा काचेवर पसरला. दिवा लावला. एका कडेनं बोट फिरवत निघाली. भोक नाही. उलटा केला. नाही. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. अख्ख्या कपड्यात एक उसवलेला दोरा नव्हता. कोरा, धड, नवा कपडा. बावीस वर्षांत पहिल्यांदा भिंगबाईला भोक सापडेना.

"मला खिजवतेय!" ती म्हणाली. "नाव काटलं ते झोंबलंय बयेला."

एकदा वाटलं, खिडकीतून हात घालून कपडा तिच्या तोंडावर फेकावा. पण त्यापेक्षा बरा विचार सुचला. तिनं कपड्याची घडी घातली, गाठ वर ठेवली आणि खणात ठेवून दिला. पुरावा! उद्या वेळ आली तर त्या इस्त्रीच्या शर्टाला दाखवता येईल, की बघा, कशी आहे ती, मी नाव काटलं ते बरोबर की नाही.

पुढचे दहा दिवस ज्याच्या त्याच्या तोंडावर साखर होती. मोठी सिस्टर जिन्यात भेटली, म्हणाली, "तुमची काळजीच नको हो. मी आहे ना." स्टोअरकीपरनं लांबून हात केला. डॉक्टर तर चक्क हसले, ते कधी हसत नसत. भिंगबाई घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "बघितलंत? माणसं तेवढी वाईट नसतात." नवरा पाणी प्यायला.

मग निकालासाठी बोलावणं आलं. भिंगबाई खणातला कपडा काखेत मारून वर गेली. लागला तर असावा.

"बसा बाई," अधिकारी म्हणाला. आज त्यानं मावशी म्हटलं नाही, आणि त्यावरूनच तिला कळलं. "अडीच आलेत."

"किती?"

"अडीच. पाचपैकी. दोन, तीन, दोन, तीन. चार जणांचे दहा." तो संगणकाकडंच बघत होता. "अभिप्राय कुणाचा कुठला ते सांगता येत नाही, पण वाचून दाखवतो. एक म्हणतात, 'सहकार्याची भावना कमी.' दुसऱ्या म्हणतात, 'चांगल्या आहेत, पण माणसं सांभाळता येत नाहीत.' मग, 'कामाला वेळ लावतात.' आणि शेवटी..." तो अडखळला. "'बारीकसारीक दोष काढतात.'"

"काय काढते?"

"बारीकसारीक दोष."

भिंगबाईनं दोन्ही हात टेबलावर टेकले. त्याचं रोपटं हाललं.

"अहो, मग मला काय ठळक दोष काढायला ठेवलंय का?" ती कडाडली. "कपड्यातून कुत्रं आरपार जाईल एवढं भोक असेल तर ते आंधळ्यालाही दिसेल. त्याला बावीस वर्षं काचेवर डोळे फोडणारी बाई कशाला लागते? बारीक दिसतं म्हणून तर मी तिथं बसलेय! ज्या कामाचा पगार देता त्याचाच दोष लावता? वेळ लावते म्हणे! जंतू मरायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतो. डॉक्टरांना घाई आहे म्हणून जंतू काय आपण होऊन मरतात? आणि त्या सिस्टरनं जिन्यात मला सांगितलं, मी आहे ना! चांगली आहे की! उंदराला मांजर साक्ष!"

शेजारच्या कचेरीतून दोन माणसं डोकावून गेली. अधिकाऱ्यानं तिला पाणी दिलं. तिनं ते बाजूला सारलं आणि काखेतला कपडा काढून त्याच्यापुढं टाकला.

"आणि तुम्हाला वाटत असेल, की पाचवं नाव काटलं नसतं तर बरं झालं असतं, तर हे बघा. धड कपड्याला गाठ मारून पाठवलीय मला. एवढं विष आहे हिच्या पोटात. हिनं तर शून्य दिलं असतं."

अधिकाऱ्यानं कपड्याकडं बघितलं. मग त्यानं उठून दार लावलं.

"बाई, मी हे सांगायला नको. पण सांगतो. मी सांगितलं म्हणू नका," तो म्हणाला. "त्यांनी तुम्ही नाव काटायच्या आधीच लिहिलं होतं. ज्या दिवशी यादी निघाली त्याच दिवशी, दुपारच्या आत. सगळ्यांत पहिला अभिप्राय त्यांचा. तुम्ही नाव काटलंत म्हणून तो रद्द झाला."

"किती दिले होते?"

"पाच."

भिंगबाईनं मनात बेरीज केली. तिला हिशेब करायला वेळ लागत नसे. दहा आणि पाच पंधरा, पाच माणसं. तीन. बरोब्बर तीन.

"काय लिहिलं होतं?"

त्यानं क्षणभर विचार केला आणि खालच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. "'मी सहा वर्षं यांना कपडा देते. वर्षाला हजारावर परत येतात. पहिल्या वर्षी मला वाटायचं मुद्दाम करतात. म्हणून मी परत आलेला एकेक कपडा उजेडाला धरून बघायला लागले, कुठंतरी चुकलेल्या सापडतील म्हणून. अजून सापडल्या नाहीत. गाठ आहे तिथं भोक आहेच. आमचं घरी बोलणं नाही. माझं ऑपरेशन होतं तेव्हा मी टेबलावर घ्यायच्या आधी विचारलं, आज खाली ट्रे कुणी बांधलाय. यांनी बांधलाय म्हटल्यावर मी डोळे मिटले. त्यांना तिथून हलवू नका.'"

यंत्रं तळघरात होती, तरी भिंगबाईच्या कानात वाफ फुसफुसत होती.

"आणि मी जे कारण लिहिलं," तिनं हळूच विचारलं, "ते तिला..."

"नियमानं कळवावं लागतं. ज्याचा अभिप्राय रद्द होतो त्याला कारण जातं." त्यानं मान खाली घातली. "जसंच्या तसं."

"हे पाच धरता येणार नाहीत आता?"

"एकदा काटलेलं नाव परत घेता येत नाही बाई."

तिनं कपडा उचलला. जिना उतरताना तिला गुडघे आहेत याचीही शुद्ध नव्हती. राग होताच, पण आता तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. डॉक्टरवर, सिस्टरवर, संगणकावर काढून पाहिला. प्रत्येकावर थोडा थोडा बसला, आणि सगळ्यांत मोठा तुकडा फिरून तिच्याच पायापाशी आला. त्या चौघांनी ढकललं हे खरं, पण पायावर धोंडा तिनंच मारून घेतला होता, तोही ठसठशीत अक्षरात.

ती आपल्या खोलीत गेली नाही. आयुष्यात पहिल्यांदा वळसा घालून धुलाईखात्याच्या दारात गेली. आत गरम कपड्यांचे ढीग होते आणि धाकटी पाठमोरी उभी राहून घड्या घालत होती. चार वर्षं नुसते हात बघितले होते. केस किती पांढरे झाले होते हिचे!

"हा कपडा धड आहे," भिंगबाई म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

धाकटी वळली. तिनं कपड्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "मला माहितीय."

"मग गाठ का मारलीस?"

"मी कुठं मारली, ताई? तुम्हीच मारलीत. मी नुसती तुमच्याकडं पोचवली."

भिंगबाईच्या हातातला कपडा खाली आला. धाकटी पुन्हा घड्या घालायला लागली, पण घडी काही जमेना. एकच चादर तिनं तीनदा झटकली.

"सूड उगवीन, म्हणे," ती चादरीलाच म्हणाली. "सहा वर्षं मी तुमच्या गाठी सोडवतेय. एका शब्दानं विचारलं असतंत, की काय गं, काय लिहिणार आहेस? सांगितलं असतं मी."

"तू तरी सांगायचंस!" भिंगबाईचा आवाज चढला, आणि चढता चढता फाटला. "चार वर्षं खिडकीत बसून गप्प राहिलीस ती! तोंड नव्हतं का तुला? माझं टेबल गेलं गं! त्या मेल्यांनी माझं टेबल घेतलं, आणि मी आपल्या हातानं... तुझंच नाव... पाचांतलं एकच नाव धड होतं, आणि मी नेमकं तेच..."

धाकटीनं चादर टाकली, एक स्टूल पुढं ओढलं आणि तिला दंडाला धरून त्यावर बसवलं. समजूत घातली नाही. ती तशी नव्हती. जवळ उभी राहिली आणि तिच्या हातातून तो कपडा काढून घेतला. गाठ सोडवायला गेली, पण स्वतःचीच गाठ तिलाही सुटेना.

"काय पण मारलीयस!" भिंगबाई नाक पुसत म्हणाली.

"रागात मारली होती."

"ओलीचं मात्र मी खरं बोलले होते."

"हो, पण आधी घरात यायचं होतंत. घर बघायचं होतंत. ओल काय, ती जेवण झाल्यावरही सांगता आली असती."

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघण्यात भिंगबाईचा हात कुणी धरला नसता. स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ मात्र तिनं कधी काचेवर धरून बघितलं नव्हतं.

पहिल्या तारखेला दिव्याच्या टेबलावर स्टोअरमधली एक बाई बसली. तिला साडेचार गुण मिळाले होते. मिळणारच! तिनं कुणाला कधी काही परत पाठवलंच नव्हतं. पहिल्या दिवशी तिच्या हातून एकही कपडा गाठ मारून खिडकीत आला नाही, आणि काम केवढं सुधारलं म्हणून तिसऱ्या मजल्यावर सगळे खूश झाले.

भिंगबाई ढकलगाडी घेऊन निघाली. गाडीचं एक चाक वाकडं होतं, ते मुकादमाला दाखवायचं तिच्या जिभेवर आलं, पण ती गप्प बसली. गाडीचा रस्ता धुलाईखात्याच्या दारावरूनच जायचा. आत धाकटी खुर्चीवर उभी होती. तिच्याकडं काच नव्हती, काचेखाली दिवा नव्हता, म्हणून ती एकेक कपडा छताच्या ट्यूबलाईटला धरून बघत होती आणि मगच खिडकीकडं टाकत होती. हे काम तिचं नव्हतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

भिंगबाईनं दारात गाडी थांबवली. दोन पावलांवरूनच तिची नजर गेली.

"डावा कोपरा गं," ती म्हणाली. "शिवणीच्या वर."

धाकटीनं कपडा फिरवला, डोळे बारीक केले. "हो की! दिसलं." तिनं कोपऱ्याला गाठ मारली आणि कपडा बाजूला टाकला. "थांबा ना ताई, पुढचाही बघा."

भिंगबाईनं पुढचाही बघितला, त्याच्या पुढचाही. वरून मुकादमानं हाक मारली, की गाडी का अडलीय म्हणून. त्या उशिराची नोंद झाली. त्या तीन कपड्यांची कुठंच झाली नाही.